मडकं सोडलं म्हणजे वेगळी चूल मांडली असं नाही

बजी म्हणजे बजरिगार, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट. तो पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश सतत फिरत असतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला, त्यातला एक माझा सख्खा भाचा. मजकूर थोडक्यात असा: पिल्लं ३० दिवसांची झाली आणि अंगावर पिसं भरली की सगळी मडक्यातून (घरट्यासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या भोकाच्या मडक्यातून) काढून वेगळ्या पिंजऱ्यात टाका, पुढ्यात राळा ठेवला की ती आपापली खातात, उशीर केला तर माणसाळत नाहीत, शिवाय आईच त्यांना मारून टाकते. खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

यातलं शेवटचं अर्धं खरं आहे, आणि त्याच्या जिवावर बाकीचं खपून जातं.

आधी ते ३० दिवस. आकडा तसा फार चुकलेला नाही. बजीचं पिल्लू साधारण ३० ते ३५ दिवसांत आपणहून बाहेर पडतं. पण ३० दिवस मोजायचे कुणाचे? मादी एका दिवसाआड एक अंडं घालते आणि बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते. सुमारे १८ दिवसांनी अंडी फुटतात तीही त्याच क्रमानं, एकेक करून. पाच अंडी असतील तर थोरल्यात आणि धाकट्यात आठवडाभराचं अंतर सहज पडतं. म्हणजे थोरलं ३० दिवसांचं झालं त्या दिवशी धाकटं असतं २२-२३ दिवसांचं. त्याच्या पंखांची पिसं अजून नळ्यांतून पुरती सुटलेलीही नसतात. ‘सगळी काढा’ या दोन शब्दांत त्याचा बळी जातो. मी मडक्याच्या पोटावर खडूनं प्रत्येकाची जन्मतारीख लिहून ठेवतो. घरचे हसतात, हसू देत.

आणि मुळात ‘काढा’ कशाला? चार आठवडे झाले की मडक्यात पंखांची फडफड ऐकू यायला लागते. मग भोकातून एक डोकं डोकावतं, आपण जवळ गेलो की सटकन आत. असे दोन-चार दिवस जातात आणि एका सकाळी ते पिंजऱ्याच्या तळाशी बावरून बसलेलं दिसतं. पहिल्या दिवशी जाळीवर धडकतं, दांडीवरून घसरतं. रात्री झोपायला परत मडक्यात शिरलं तर शिरू द्यावं, भोक बंद करू नये. पाच आठवडे उलटूनही बाहेर येत नसेल तर ओढून काढण्याआधी पंख उघडून बघा. लांब पिसं झडलेली किंवा मुळाशीच तुटलेली दिसली तर तो आळस नव्हे, फ्रेंच मोल्ट हा पिसांचा आजार असू शकतो. त्यामागे विषाणू असू शकतो, म्हणून नवी पाखरं आणणं, पिल्लं कुणाला देणं थांबवा आणि पक्ष्यांचं बघणारा डॉक्टर गाठा.

आता ‘आपापली खातात’. याच वाक्यावर माझा खरा राग आहे, कारण मी त्यावर एकदा विश्वास ठेवला होता.

पहिल्याच वीणीची दोन पिल्लं. पिसं भरलेली, कपाळापर्यंत काळ्या रेघा, दिसायला अगदी तयार. ३१व्या दिवशी मी ती वेगळ्या पिंजऱ्यात ठेवली आणि ओळखीची वाटी असावी म्हणून आईबापांच्या पिंजऱ्यातलीच राळ्याची वाटी आत सरकवली. दोघंही दिवसभर वाटीत चोच घालून टोचत होती. संध्याकाळी बघितलं तर वाटी काठोकाठ. दुसऱ्या दिवशीही काठोकाठ. मला वाटलं, खातात थोडंच, पण खातात. तिसऱ्या सकाळी एक पिल्लू पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेलं. उचललं तर हाताला वजनच लागेना, छातीचं हाड मात्र सुरीच्या धारेसारखं लागत होतं. दुपार त्यानं बघितली नाही. नंतर वाटी गॅलरीत नेऊन फुंकर मारली तर वरचा थर भुर्रकन उडाला. सगळी फोलपटं. तळाशी पाच-दहा दाणे. आईबाप दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात, हे रोज डोळ्यांसमोर असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या पिल्लाला तसंच बापाच्या पिंजऱ्यात सोडलं. बापानं चोच पुढे केली आणि पिल्लानं तोंड उघडलं.

टोचणं म्हणजे खाणं नव्हे. राळ्याचा दाणा जिभेनं फिरवून चोचीत धरायचा, टरफल चिरायचं, गर गिळायचा आणि साल टाकायची, हा हातखंडा बसायला दिवस लागतात. तोवर बाप आपल्या गळ्यातून काढून भरवतो. बजीत मडक्याबाहेर आलेल्या पिल्लाचा सांभाळ मुख्यतः बापाकडे असतो. बाहेर पडल्यावर आठवडा-दोन आठवडे हे चालतं; पूर्ण स्वावलंबी व्हायला बहुतेकांना जन्मापासून सहा ते आठ आठवडे लागतात. उंबरा ओलांडणं वेगळं आणि चूल मांडणं वेगळं. संदेशात या दोन गोष्टींची एकच तारीख करून टाकली आहे.

कळायचं कसं? दिवेलागणीला पिल्लू हातात घ्या आणि मानेच्या बुडाशी, छातीच्या वरच्या बाजूला बोट अलगद टेकवा. तिथे अन्नाची पिशवी असते. ती भरलेली, दाण्यांच्या छोट्या पुरचुंडीसारखी लागली तर पोट भरलंय; मात्र बाप भरवत असेल तर ते श्रेय बापाचं. म्हणून वेगळं केल्यावर पहिले चार दिवस ही तपासणी सोडू नका. सोबत स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. मोठा बजी ३०-४० ग्रॅमचा. मडकं सोडताना पिल्लू थोडं उतरतं, ते चालतं. वेगळं केल्यावर मात्र वजन रोज उतरत राहिलं तर हट्ट न करता परत बापाकडे. सुरुवातीला दाणे वाटीऐवजी उथळ ताटलीत, तळाशीच पसरावेत. राळ्याची अख्खी कणसं मिळाली तर फारच छान, पिल्लं त्यावर लवकर शिकतात.

माणसाळण्याचं म्हणाल तर त्याचा आईबापांपासून तोडण्याशी संबंध नाही. तिसऱ्या आठवड्यापासून रोज पाच मिनिटं पिल्लू तळहातावर घ्या आणि परत मडक्यात ठेवा. सात आठवड्यांचं धट्टंकट्टं पाखरूही हातावर येतं. उपाशी पाखरू हाताला चिकटून बसतं, त्याला लोक लळा म्हणतात.

राहिली आई. हे खरंच घडतं. पुढची अंडी घालायची वेळ आली की काही माद्या थोरल्या पिल्लांची पाठ आणि डोकं उपटतात, कधी रक्त काढतात, क्वचित मारतातही. पाठीवर टक्कल दिसलं की वाट बघू नये. पण उपाय म्हणून पिल्लाला एकटं टाकायचं नाही. बाहेर पडलेली पिल्लं आणि बाप यांना शेजारच्या पिंजऱ्यात हलवा, आईला मडक्याजवळ राहू द्या. ती अंड्यांवरून उतरून आपलं आपण खाते. दुसरा पिंजरा नसेल तर तळाशी एक फुटकं मडकं पालथं घालून ठेवा, पिल्लांना अंग चोरायला जागा होते आणि बाप तिथेच येऊन भरवतो. मडक्यात अजून लहानगी असतील तर मात्र बाप लगेच हलवू नका, त्यांना दोघंही लागतात.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘मामा, पण दुकानदार म्हणतो कपाळावर रेघा असलेलंच घ्या, लवकर बोलतं.’ त्या रेघा तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडेपर्यंत राहतात, त्यामुळे पाच आठवड्यांचं आणि दहा आठवड्यांचं पाखरू दुकानात सारखंच दिसतं. त्याला सांगितलंय, पैसे देण्याआधी पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं उभा राहा आणि निवडलेलं पाखरू दाणा सोलताना, टरफल खाली पडताना डोळ्यांनी बघ.