कृतज्ञता कुणाबद्दल, ते नाव घेऊन सांगता यावं

परदेशात लहान मुलं वाढवणाऱ्या आईबापांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. "तुमचं काय बाबा, नशीबवान आहात!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण रात्रभर तान्ह्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारलेल्या बाईला हे ऐकवलं, की तिला दमले म्हणायचीही सोय उरत नाही. आपणहून आलोय ना, मग कुरकुर कसली, असं ती स्वतःलाच बजावते. या दडपणाला माझ्या लेखी कृतज्ञतेत जागा नाही. मला लिहायचंय ते दमलेल्या माणसालाही मनापासून वाटू शकेल अशा कृतज्ञतेबद्दल.

मूल वाढवणं हे दोन माणसांचं काम कधीच नव्हतं. सारा ब्लॅफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हे फार नीट मांडलंय. माणसाचं पिल्लू इतकी वर्षं दुसऱ्यावर अवलंबून असतं की एकट्या आईच्या बळावर ते जगणं अवघड. आजी, मावशी, मोठी भावंडं, शेजारीपाजारी असे अनेक हात लागत आले, म्हणून माणूसजात टिकली, असं त्या म्हणतात. आपण विमानात बसतो तेव्हा हे सगळे हात एका दिवसात मागे राहतात. मुलाला ताप आला की पाळणाघर घेत नाही, दोघांचंही ऑफिस चालू असतं, आणि "जरा येतेस का?" म्हणायला फोनमध्ये एकही नंबर नसतो. नव्या देशातली पहिली काही वर्षं अशीच जातात. त्यात त्या आईबापांचं काही चुकत नसतं. मुळात कामच दोघांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

आणि म्हणूनच इथे मिळालेली मदत ठळक दिसते. आपल्या माणसांत असताना मूल या कडेवरून त्या कडेवर जातं, कुणी घेतलं याची नोंदही होत नाही. इथे प्रत्येक मदतीला चेहरा असतो.

धाकट्याला मध्यरात्री ताप चढला, श्वास घेताना घरघर ऐकू यायला लागली. दोघांनाही दवाखान्यात जायचं होतं आणि थोरली गाढ झोपलेली. शेजारच्या आजींशी तोवर आमची ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरती. त्यांची भाषा मला धड येत नव्हती. दार वाजवलं तर त्या चष्मा शोधत बाहेर आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता आमच्या घरात येऊन सोफ्यावर बसल्या. सकाळी आम्ही परतलो तेव्हा थोरली शाळेच्या कपड्यांत तयार होती. दोन वेण्या घातलेल्या, एक कानाच्या वर, दुसरी पार मानेपाशी. मी सोडून पुन्हा घालायला गेले तर डोकं दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "नको, या आजींनी घातल्यात." तशीच शाळेत गेली.

रॉबर्ट एमन्स या मानसशास्त्रज्ञांनी कृतज्ञतेवर वर्षानुवर्षं संशोधन केलंय. त्यांच्या मते तिचे दोन भाग असतात. आयुष्यात काहीतरी चांगलं आहे हे मान्य करणं हा पहिला, आणि ते चांगलं आपल्याबाहेरून, बऱ्याचदा दुसऱ्या माणसाकडून आलंय हे ओळखणं हा दुसरा. "नशीबवान आहात" यात हा दुसरा भागच गळून पडतो. नशिबाचे आभार कसे मानणार? वेण्या घालणाऱ्या आजींचे मानता येतात.

याच एमन्स यांनी मायकल मॅक्कलो यांच्यासोबत 2003 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात एका गटाने 10 आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा 5 पर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं, दुखण्याखुपण्याच्या तक्रारीही कमी होत्या. आठवड्यातून एकदा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. तेव्हा तान्हं मूल असलेल्या आईला "रोज झोपताना कृतज्ञतेची वही लिही" असा सल्ला कृपा करून देऊ नका. तिला तो वेळ झोपायला हवाय.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा, जेवताना, एकच प्रश्न असतो. या आठवड्यात आपल्याला कुणी मदत केली? उत्तरात माणूस हवा आणि त्याने नेमकं काय केलं तेही हवं. धावत येताना बघून थांबलेला बसवाला. बाबागाडीचं पुढचं चाक धरून जिना चढवून देणारा, नाव न सांगता निघून गेलेला मुलगा. थोरलीची उत्तरं माझ्यापेक्षा चांगली असतात, कारण तिला बारीकसारीक आठवतं. त्यातल्या ज्याला सांगणं शक्य आहे, त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी तसं सांगतो.

या यादीत आमच्या आईचं नाव वारंवार येतं. ती हजारो किलोमीटर दूर आहे. तिच्या झोपायच्या वेळी इकडे जेवणाची धांदल असते, तरी ती जागी राहते. फोन भांड्याला टेकवून ठेवायचा आणि तिने पलीकडून गोष्ट सांगायची, की धाकटा निमूट जेवतो. "आ कर बघू, मागची दाढ आली का?" म्हणून ती पडद्याला डोळे लावते. तो भलतीकडे तोंड करतो, तिला छतच दिसतं, तरी ती म्हणते, "दिसली गं दिसली." मला त्या क्षणी आनंदही होतो आणि गलबलूनही येतं. पॉलिन बॉस या कुटुंब-समुपदेशक बाईंनी 1970च्या दशकात अशा दुःखाबद्दल लिहायला सुरुवात केली, ज्यात माणूस गेलेलं नसतं पण जवळही नसतं, आणि म्हणून त्या दुःखाचा शेवटही होत नाही. ते वाचून मला फार आधार वाटला. आईबद्दल कृतज्ञ वाटलं म्हणून हे तुटलेपण भरून निघायला हवं, अशी अपेक्षा मी आता ठेवत नाही.

तुमची भाची, भाऊ, मैत्रीण कुणी परक्या देशात लहान मुलं सांभाळत असेल, तर पुढच्या फोनवर घर केवढं आहे, पगार किती आहे हे राहू द्या. "तुझी झोप होते का गं?" एवढं विचारा आणि तिला बोलू द्या. मग कुणाची मदत होते का, तेही विचारा. ती सांगेल एखाद्या शेजाऱ्याबद्दल, पाळणाघरातल्या ताईंबद्दल, बरंच सांगेल. आणि कुणीच नाही म्हणाली, तर आठवड्यातली एक वेळ ठरवून तिच्या मुलांना फोनवर गोष्ट सांगायचं काम तुम्ही घ्या.