मोबाइलमध्ये डोस पाहणाऱ्या डॉक्टरला काही येत नाही?

ज्या डॉक्टरला औषधाचा डोस मोबाइलमध्ये पाहावा लागतो त्याला काही येत नाही, जुन्या डॉक्टरांना सगळे तोंडपाठ असे, आणि गुगलवरच पाहायचे तर ते आपणही घरबसल्या पाहू शकतो, अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. त्याचा रोख बहुधा इंटर्न आणि निवासी डॉक्टरांवर असतो. त्यातले पहिले विधान नुसते चुकीचे नाही, ते रुग्णाच्या जिवावर बेतणारे आहे.

लहान मुलाला औषध वजनाच्या हिशेबाने कमी द्यायचे, हे प्रत्येक डॉक्टरच्या अंगवळणी पडलेले असते. सर्पदंशावरील प्रतिविष मात्र त्याला अपवाद आहे, कारण सापाने सोडलेले विष मुलाचे वजन पाहून कमी होत नाही. म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या द्याव्या लागतात. मध्यरात्री थकलेल्या अवस्थेत केवळ सवयीवर विसंबणारा डॉक्टर इथेच चुकू शकतो. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठीवर चुकून ‘रोज’ लिहिले गेले तर रुग्ण दगावू शकतो. शिवाय पाठ केलेले शिळेही होते. क्षयरोगाची आठवड्यातून तीनदा दिली जाणारी औषधे 2017 मध्ये देशभर वजनगटानुसार रोज देण्यास सुरुवात झाली, आणि त्याआधी शिकलेल्या प्रत्येकाला ते नव्याने पाहून घ्यावेच लागले.

जुन्या डॉक्टरांबद्दलचा समजही खरा नाही. अ‍ॅप्रनच्या खिशात डोसांची छोटी पुस्तिका बाळगणे ही जुनीच रीत आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, ते वाचल्याखेरीज इतरांना कसे कळले असते?

राहिला गुगलचा मुद्दा. कोणत्या रुग्णासाठी नेमके काय शोधायचे आणि मिळालेल्यातले काय टाकून द्यायचे, हे शिक्षणाशिवाय येत नाही. अमेरिकी संदर्भग्रंथात सर्पदंशाचे प्रकरण तिथल्या रॅटलस्नेकभोवती फिरते. आपल्याकडे गाठ नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याशी असते, म्हणून इथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या उपचारपद्धती किंवा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच पाहाव्या लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कुणाच्या वहीचा फोटो किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने ठामपणे सांगितलेला डोस पडताळणी न करता वापरणे घातक आहे, आणि त्यावर टीका झालीच पाहिजे.

परंतु कनिष्ठ डॉक्टर तिकडे का वळतात, हेही पाहायला हवे. ‘अपटुडेट’सारखे विश्वासार्ह संदर्भ सशुल्क असतात, अनेक वॉर्डांत इंटरनेट धड चालत नाही, आणि राउंडवर ‘एवढेही माहीत नाही?’ असे ऐकावे लागेल या भीतीने शोध घाईघाईत, लपून घेतला जातो. रुग्णासमोर ‘डोस एकदा पाहून घेतो’ असे म्हणण्याची मोकळीक वरिष्ठांनी द्यावी, आणि वर्गणी भरलेले संदर्भ वॉर्डातल्या संगणकावर उपलब्ध करून देण्याचा खर्च महाविद्यालयांनी उचलावा.