सँतेक्झुपेरीच्या विमानाबद्दल खुलासा

नांदेड-परभणीकडच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'लिटल प्रिन्स'चा लेखक, वैमानिक आंत्वान द सँतेक्झुपेरी १९४४ मध्ये सहारात विमानासह गडप झाला, आजवर धागादोरा नाही. हे खरं नाही.

सहारातला अपघात डिसेंबर १९३५ चा. तो आणि त्याचा मेकॅनिक तहानेने मरणाच्या दारात पोचले होते. वाळवंटातल्या भटक्या बेदुइन अरबांनी दोघांना वाचवलं.

३१ जुलै १९४४ ला तो कॉर्सिका बेटावरून टेहळणीला उडाला आणि परतला नाही. पण १९९८ मध्ये फ्रान्समधल्या मार्से शहराजवळ समुद्रात एका मच्छीमाराच्या जाळ्यात चांदीचं कडं आलं. त्यावर त्याचं नाव, बायको कॉन्सुएलोचं नाव, शिवाय न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता! पुढे त्याच भागात समुद्रतळाशी विमानाचे अवशेष सापडले. ते २००३ मध्ये वर काढले आणि २००४ मध्ये एका तुकड्यावरच्या क्रमांकावरून विमान त्याचंच असल्याची खात्री पटली. ते कशामुळे पडलं, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

सर, मॅडम, आपली लेकरं हेच वाचून प्रश्नमंजूषेत उत्तरं देतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.