खुलासा : आखातातून ब्रिटिशांना कोणी हाकललं नव्हतं

‘आखाती शेखांनी 1971 मध्ये ब्रिटिश फौजांना हाकलून दिलं,’ असा मजकूर सध्या फिरतोय. ऐकायला झकास, पण घडलं जवळपास उलटं.

नोव्हेंबर 1967 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं : 2.80 डॉलरचा पौंड 2.40 वर आला. त्याच महिन्यात परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री गोरॉनवी रॉबर्ट्स आखातात जाऊन ‘आम्ही इथेच आहोत’ असा शब्द देऊन आले. जानेवारीत त्याच बिचाऱ्यांना पुन्हा पाठवलं, निघण्याची तारीख सांगायला!

मधल्या काळात लंडनमध्ये मंत्र्यांची जुंपली होती. अर्थमंत्री रॉय जेन्किन्स सरकारी खर्चाला लावायची कात्री घेऊन बसलेले. संरक्षणमंत्री हीली आणि परराष्ट्रमंत्री ब्राऊन यांचा घाईघाईने फौजा काढायला विरोध. 16 जानेवारी 1968 रोजी पंतप्रधान विल्सन यांनी जाहीर केलं : 1971 अखेर आखात, सिंगापूर, मलेशियातून माघार. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी घोषणेआधी लंडन गाठून भांडल्यावर या मुदतीत काही महिने वाढवून मिळाले होते, इतकंच.

आणि शेख? अबू धाबीच्या शेख झायेद यांनी तर ‘थांबा, खर्चाला हातभार लावतो’ असा प्रस्ताव दिला होता. हीलींनी तो टीव्हीवर तुच्छतेने धुडकावला.