परकीय हात कसा ओळखावा?

धरणाविरुद्ध कुणी तोंड उघडलं की त्यामागे परकीय हात असतो, हे आता शेंबडं पोरही सांगेल. पण तो नेमका कुठला, यात नवख्यांची गल्लत होते. त्यांनी नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणावर सराव करावा.

सगळ्यात आधी हे घोकून घ्या की पैसा कधीच परकीय नसतो. १९८५ मध्ये जागतिक बँकेनं या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. आपल्याच पर्यावरण खात्याची परवानगी यायला १९८७ उजाडलं. घरच्या माणसानं कागदासाठी थांबायचं असतं का? टर्बाइनं जपानी, त्यांचं कर्ज जपानी. तेही स्वदेशीत धरा.

आता मणिबेली घ्या. अक्कलकुवा तालुक्यातलं, तेव्हाच्या धुळे जिल्ह्याच्या पार टोकाचं, महाराष्ट्रात बुडिताचं पाणी ज्याला सगळ्यात आधी भिडणार होतं ते गाव. आमच्या शेताच्या बदल्यात शेत कुठं, असं तिथला आदिवासी विचारतो. हा प्रश्न अस्सल देशी, त्यामुळे खुशाल कानाआड करा. पण तोच १९८९ मध्ये मेधा पाटकर अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे मांडतात, टोकियोतले कार्यकर्ते आपल्या सरकारला विचारतात, १९९० मध्ये जपान पुढचं कर्ज थांबवतं, की प्रश्न लगेच परकीय! देशात विचारला तर ऐकू जात नाही, बाहेर विचारला तर देशद्रोह. मधल्या समुद्रात विचारायची काही सोय असल्यास कळवावे.

१९९२ मध्ये जरा पंचाईत झाली. बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं लिहिलं, पुनर्वसनाचं काही खरं नाही, बँकेनं मागे सरावं. पुढच्या वर्षी आपण उरलेलं कर्ज बाणेदारपणे नाकारलं. कर्जासोबत बँकेची देखरेखही गेली, धरण तेवढं चढत राहिलं. (परदेशी मित्रांनी जल्लोष करताना एवढं मनात ठेवलं तर बरं.) १९९४ मध्ये ४४ देशांतल्या संघटनांनी बँकेला बजावलं, मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं. गावात धड रस्ता नव्हता, नाव मात्र वॉशिंग्टनला पोचलं. अशी नावं दिसली की संशय घ्यावा.

एवढा सराव झाला की धरणाजवळच्या केवडियाला जा. २०१८ पासून तिथं १८२ मीटर उंच सरदार उभे आहेत, अंगावरचे काशाचे पत्रे चीनमध्ये ओतून आणलेले. त्यांचे हातही नीट न्याहाळा. ते परकीय वाटले, तर तुमचा सराव अजून कच्चा आहे.