५० अधिक ५० म्हणजे दात फुकट? दोन डेंटल प्लॅनचा खरा हिशेब

अमेरिकेत ओपन एनरोलमेंट (नोकरीतून मिळणारा विमा निवडायची वार्षिक मुदत) सुरू झालं की मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागतो: 'नवरा-बायको दोघांना नोकरी आहे ना? मग दोघांनीही डेंटल (दातांचा विमा) घ्या, एकमेकांना आणि मुलांना दोन्हीकडे टाका. क्राउनचे (दातावरच्या टोपीचे) ५० टक्के एक कंपनी देईल, उरलेले दुसरी. वर्षाला चार क्लीनिंग. लिमिट डबल. आणि ज्याचा प्लॅन भारी, त्याच्याकडे आधी क्लेम टाका.' यातलं लिमिटचं तेवढं बऱ्याच अंशी खरं आहे.

शेवटापासून सुरू करतो. आधी कोण पैसे देणार हे तुमच्या मर्जीवर नसतं. तुमच्या स्वतःच्या नोकरीतला प्लॅन प्रायमरी, म्हणजे आधी पैसे देणारा; जोडीदाराच्या नोकरीतून मिळालेला सेकंडरी, म्हणजे नंतर देणारा. मुलांना 'बर्थडे रूल' लागतो: आईबाबांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो, त्याचा प्लॅन प्रायमरी. जन्मसाल बघत नाहीत. आईचा १४ मार्च आणि बाबांचा ९ ऑगस्ट असेल तर आईचा प्लॅन आधी, मग बाबांचा कितीही दणदणीत असो. घटस्फोट झालेला असेल तर मात्र आधी कोर्टाचा आदेश बघतात.

आता ५० अधिक ५०. समजा क्राउन १,२०० डॉलरचा आहे आणि दोन्ही प्लॅन ५० टक्के देतात. प्रायमरीने ६०० दिले. सेकंडरी नेहमीच्या पद्धतीने चालत असेल तर उरलेले ६०० देऊ शकतो. पण कित्येक प्लॅनमध्ये, विशेषतः मोठ्या कंपन्यांच्या, नॉन-डुप्लिकेशन नावाचं कलम असतं. त्यात सेकंडरी एवढंच विचारतो: मी एकटा असतो तर किती दिले असते? ६००. पहिल्याने किती दिले? ६००. मग माझे शून्य. तुमच्या खिशातून ६०० जातातच, वर वर्षभर दुसरा प्रीमियम भरलेला. सेकंडरी ८० टक्क्यांचा असता तर ९६० वजा ६००, म्हणजे ३६० मिळाले असते.

'माझ्या मित्राला तर सगळे मिळाले,' असं कोणीतरी म्हणतंच. मिळाले असतील. अनेक मोठ्या कंपन्या क्लेमचे पैसे स्वतःच्या तिजोरीतून देतात. अशा प्लॅनवर राज्याचे विमा नियम चालत नाहीत, एरिसा हा केंद्रीय कायदा चालतो. त्यामुळे प्रत्येक प्लॅनचं कलम वेगळं असू शकतं आणि एकाच गल्लीतल्या दोन घरांना वेगळी उत्तरं मिळतात.

चार क्लीनिंगचं सोडूनच द्या. बहुतेक प्लॅन वर्षाला दोनच देतात, आणि पहिल्याने पैसे दिलेली क्लीनिंगही दुसरा अनेकदा आपल्या मोजणीत धरतो. त्या दोन तर प्रायमरीतच बहुधा पूर्ण भागतात.

राहिलं लिमिट. दोन्हीकडची वार्षिक मर्यादा वेगवेगळी मोजली जाते. प्रायमरीची १,५०० असेल आणि दोन रूट कॅनालमध्ये ती संपली, तर पुढच्या क्राउनला पहिला शून्य देतो आणि सेकंडरी आपला वाटा देतो. इथे नॉन-डुप्लिकेशनही आडवं येत नाही, कारण वजा करायला काही उरलेलंच नसतं. म्हणून माझ्या मते दुसरा प्लॅन घ्यावा तो समोर मोठं काम दिसत असेल तेव्हाच. त्यातही वेटिंग पीरियड बघा. काही प्लॅन सुरुवातीचे सहा किंवा बारा महिने मोठ्या कामाला हातच लावत नाहीत.

काही जण फॉरवर्डच्याही पुढे जाऊन सुचवतात की दुसरा प्लॅन आहे हे सांगूच नका, दोन्हीकडे प्रायमरी म्हणून क्लेम टाका. हे करू नका. नंतर उघड झालं की कंपनी डेंटिस्टकडून पैसे परत मागते, डेंटिस्ट तुमच्याकडून, आणि खोटी माहिती देणं म्हणजे सरळ फसवणूक.

एचआरच्या माहितीपत्रकात नॉन-डुप्लिकेशनचं कलम क्वचितच दिसतं. प्लॅनच्या सविस्तर कागदपत्रात 'कोऑर्डिनेशन ऑफ बेनिफिट्स' हे प्रकरण शोधा. प्लॅन आधीपासून असतील तर मोठ्या कामाआधी डेंटिस्टला दोन्हीकडे प्री-ट्रीटमेंट एस्टिमेटची (प्लॅन किती देईल याच्या अंदाजाची) मागणी पाठवायला सांगा. तो अंदाज म्हणजे हमी नसते, पण खुर्चीत बसण्याआधी आकडा तरी कळतो.