खिशाला साक्षर करा

महागाई कमी झाली, असं आकडा सांगतो आणि तुमचा खिसा म्हणतो, छे, काहीतरीच! या भांडणात तुम्ही आजवर खिशाचीच बाजू घेत आलात. घरचा माणूस म्हणून घेतली असेल, समजू शकतो. पण खिशाचं शिक्षण किती, हे कधी विचारलंत? त्याला गुणोत्तर मध्य काढता येत नाही, भारांक, म्हणजे कोणत्या खर्चाला किती वजन द्यायचं ते, ऐकून माहीत नाहीत आणि आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करायची ते, विचारलं तर तो आपल्या पहिल्या पगाराचं साल सांगतो. असल्या अडाण्याच्या शब्दावर तुम्ही अख्ख्या अर्थव्यवस्थेला खोटं पाडायला निघता. तेव्हा आधी त्याला साक्षर करा. धडे मी देतो, फी नको. (फी घेतली असती तर जीडीपीत तेवढीच भर पडली असती, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. आता उशीर झाला.)

सुरुवात बालवाडीपासून. 100ची वस्तू गेल्या वर्षी 150ची झाली आणि यंदा 153ची. खिसा बोंबलतो, 53 वाढले! आकडा शांतपणे म्हणतो, महागाई 50 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आली. यात खोटं कुणीच बोलत नाही. फरक एवढाच की आकड्याची स्मरणशक्ती बरोबर बारा महिन्यांची असते. तुम्हीही तेवढीच ठेवा, झोप चांगली लागेल.

अन्न आणि इंधन वगळून काढलेल्या महागाईवरही तुम्हाला काहीतरी बोलायचं असेल. बोलू नका. 'मग आम्ही खायचं नाही आणि हलायचंही नाही का' हा विनोद इतका जुना आहे की महागाई मोजायला धरलेल्या वस्तूंची टोपली पुढच्या वेळी बदलतील तेव्हा तो वगळायला हवा.

टोपलीवर मात्र जरा थांबू, कारण सगळी गंमत तिथे आहे. महागाई मोजायची तर आधी कोणत्या वस्तूंची, हे ठरवावं लागतं. 1871 साली लास्पेयर्स या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं सांगितलं, जुनी टोपली घ्या आणि तीच आज किती पैशांना पडते ते बघा. तीन वर्षांनी पाशे या दुसऱ्या जर्मनानं सांगितलं, टोपली आजची घ्या आणि ती तेव्हा कितीला पडली असती ते बघा. पहिल्याच्या रीतीनं महागाई सहसा जास्त निघते, दुसऱ्याच्या रीतीनं कमी. पुढे अमेरिकेच्या आयर्विंग फिशर यांनी दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं आणि त्या सूत्राला 'आदर्श' म्हटलं. भाऊबंदकीत मध्यस्थी करणारे काका यापेक्षा वेगळं काय करतात?

दोघांत फरक का पडतो, ते खिशाला नीट समजावून सांगा. आवडीची वस्तू महागली म्हणून तुम्ही ती सोडली आणि तिच्यापेक्षा स्वस्त, कमी आवडीची उचलली. खिसा याला नाइलाज म्हणतो. शास्त्रात याला पर्याय निवडणं म्हणतात. आणि ज्याला पर्याय निवडता आला त्याला महागाईची झळ तितकीशी लागलीच नाही, हे ओघानं आलं. 1996 साली अमेरिकेत महागाई मोजणाऱ्या निर्देशांकाची तपासणी करणाऱ्या बॉस्किन आयोगानं या आणि अशाच काही कारणांची बेरीज केली आणि सांगितलं, आपला निर्देशांक महागाई दरवर्षी सुमारे 1.1 टक्का जास्त दाखवतो. विद्वानांनी बारकाईनं केलेलं काम होतं, त्यातले बरेच मुद्दे आजही खोडता येत नाहीत. त्याच देशात वृद्धांचं निवृत्तिवेतन या निर्देशांकाला बांधलेलं होतं आणि तो 'दुरुस्त' केला तर बारा वर्षांत सरकारचं कर्ज लाख कोटी डॉलरहून जास्त कमी होणार होतं, हा निव्वळ योगायोग. शास्त्राच्या वाटेत असे योगायोग भेटतच असतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

टोपलीत काय आहे हे एकदा कळलं की मग खरी मजा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जो राहणीमान खर्चाचा निर्देशांक चालू होता, त्याची टोपली 1904 सालच्या कामगार कुटुंबांच्या खर्चावरून भरलेली होती. तीत मेणबत्त्या होत्या, वीज नव्हती. मजुरी या निर्देशांकाबरोबर वाढायची. सरकारनं काय करावं? टोपलीतल्या वस्तूंना अनुदान दिलं. निर्देशांक जागच्या जागी बसला आणि टोपलीबाहेरचं जग आपल्या गतीनं महागत राहिलं. ती टोपली 1947पर्यंत चालली. घरी करून बघा. हिशेबाच्या वहीत ज्या पाच वस्तू लिहिता, नेमक्या त्याच उधारीवर आणा. महिनाअखेर वही बघून घरचे तुमचं कौतुक करतील. उधारीची वही वेगळी ठेवावी, हे सांगायला नकोच.

पुढचा धडा गुणवत्तेचा. नवा संगणक जुन्याच किमतीला मिळाला, पण वेग दुप्पट. आकड्याच्या लेखी तो स्वस्त झाला. मग मला निम्म्या वेगाचा निम्म्या किमतीत द्या, असं तुम्ही दुकानात म्हणालात तर दुकानदार तुमच्याकडे काळजीनं बघेल, कारण त्यालाही अर्थशास्त्र येत नाही. (न्यायाची गोष्ट न्यायानं सांगायची तर किंमत तीच ठेवून पाकीट लहान केलं, तर आकडेवाले ती दरवाढच धरतात. ही माणसं लबाड नसतात. लबाड असती तर हा लेख लिहायला फार सोपा गेला असता.)

घर स्वतःचं असेल तर आणखी पुढचं शिक्षण घ्यावं लागेल. अमेरिकेत 1983पासून मुख्य निर्देशांकात घराची किंमत धरत नाहीत. तुम्ही स्वतःच्या घरात स्वतःचे भाडेकरू आहात असं मानतात आणि तुम्ही स्वतःला किती भाडं दिलं असतं याचा अंदाज बांधतात. युरोपीय संघानं तर ही कटकटच ठेवली नाही. त्यांच्या सामाईक निर्देशांकात मालकाच्या स्वतःच्या घराचा खर्च मुळात धरलेलाच नाही. कर्जाचा हप्ता जाताना खिसा कुरकुरू लागला तर त्याला विचारा, तू मालक की भाडेकरू? उत्तर शोधण्यात त्याचा महिना जाईल.

इथवर तुमचा खिसा बराच नरमला असेल. आता त्याला श्रीमंत करू. नायजेरिया एप्रिल 2014मध्ये एका रविवारी 89 टक्क्यांनी श्रीमंत झाला. कष्ट काही नाहीत, फक्त 1990चं आधारवर्ष बदलून 2010चं घेतलं. जुन्या हिशेबात मोबाइल फोन आणि चित्रपट व्यवसाय जवळजवळ नव्हतेच, ते धरले आणि देश दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून खंडात पहिला आला. हिशेब बरोबर होता, खरं तर आधीचाच चुकीचा होता. पण सोमवारी सकाळी कामावर निघालेल्या माणसाला आदल्या दिवशीपेक्षा काय वेगळं वाटलं असेल, याचा निर्देशांक अजून कुणी काढलेला नाही.

आयर्लंडनं तर आधारवर्षही बदललं नाही. 2015ची त्यांची वाढ 26 टक्क्यांच्या घरात जाहीर झाली, कारण काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंटसारखे हक्क कागदोपत्री तिकडे हलवले. शेवटी आयरिश लोकांनाच ते पोट भरून हसण्यासारखं वाटू लागलं आणि त्यांनी नावाशेजारी चांदणी काढलेलं एक वेगळं राष्ट्रीय उत्पन्न तयार केलं. ज्याच्याशेजारी चांदणी नाही तो आकडा जगाला दाखवायचा, चांदणीवाला घरात वापरायचा. तुम्हालाही जीडीपी वाढवायचा असेल तर उपाय सोपा आहे. स्वतःचं घर झाडू नका. शेजाऱ्याचं झाडा, त्याला तुमचं झाडू द्या आणि एकमेकांना तेवढ्याच रकमेच्या पावत्या फाडा. केर तेवढाच निघेल, पण देश पुढे जाईल.

घरात एखादा भाचा रिकामा बसलाय? आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार पाहणीच्या आठवड्यात एक तास पैसे घेऊन काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. तेवढंही मिळत नसेल तर त्याला प्रेमानं सांगा, बाळा, नोकरी शोधणं बंद कर. शोधत होतास तोवर बेरोजगार होतास, शोधणं सोडलंस की श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या आणि शोधणाऱ्यांच्या मोजणीच्या, बाहेर गेलास. बेरोजगारीचा दर तुझ्यामुळे वाढणार नाही. एवढी देशसेवा पलंगावर पडून आणखी कोणत्या काळात करता आली असती?

एक धोका मात्र टाळा, स्वतः मोजायला बसू नका. अर्जेंटिनात 2007नंतर सरकारी महागाई आणि बाजारातली महागाई यांचा काडीमोड झाला. तेव्हा काही खासगी अर्थतज्ज्ञांनी आपले आकडे छापले आणि 2011 साली त्यांना पाच-पाच लाख पेसोंचा दंड झाला. मग त्यांनी आपले आकडे विरोधी खासदारांकडे दिले. खासदारांना संरक्षण होतं, म्हणून दर महिन्याला त्या आकड्यांची सरासरी 'काँग्रेसचा निर्देशांक' (काँग्रेस म्हणजे तिथली संसद) म्हणून संसदेतून जाहीर होऊ लागली. किमती किती वाढल्या हे सांगायला संसदीय विशेषाधिकार लागला, हा या शास्त्राचा खरा सन्मान. 2013मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं आकड्यांच्या दर्जावरून त्या देशाची जाहीर निंदा केली. असा मान मिळालेला तो पहिलाच देश.

तुम्हाला एवढं करायची गरज नाही. आकडा बदलण्यापेक्षा आकडा निवडणं कधीही सभ्यपणाचं. ब्रिटनकडेच पुन्हा बघा. त्यांच्याकडे आरपीआय (किरकोळ किमतींचा) आणि सीपीआय (ग्राहक किमतींचा) असे दोन निर्देशांक, त्यातला पहिला बहुधा जास्त चढतो. 2011पासून बहुतेक सरकारी भत्ते आणि सरकारी नोकरांची निवृत्तिवेतनं सीपीआयनं वाढू लागली. रेल्वेची भाडी आणि विद्यार्थ्यांच्या कर्जावरचं व्याज मात्र आरपीआयनंच. 2013मध्ये आरपीआयचा 'राष्ट्रीय आकडेवारी' हा अधिकृत दर्जा गेला, सूत्र सदोष म्हणून. भाडी आणि व्याज त्यानंतरही त्याच्यावरच चालू राहिली. द्यायला एक फूटपट्टी, घ्यायला दुसरी. दोन्ही सरकारी आणि दोन्हींवर सेंटिमीटर कोरलेले.

यात नवीन काही आहे असं समजू नका. निर्देशांकाचा जन्मच मुळी अशा गरजेपोटी झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या एका अभ्यासकासमोर पेच पडला. त्याच्या कॉलेजचा पंधराव्या शतकातला नियम असा की वर्षाला 5 पौंडांपेक्षा जास्त स्वतःची मिळकत असेल त्यानं फेलोशिप, म्हणजे कॉलेजातली अभ्यासकाची जागा, सोडावी. मिळकत जास्त होती, फेलोशिप सोडवत नव्हती. विल्यम फ्लीटवूड नावाच्या धर्मगुरूंनी त्याच्यासाठी धान्य, मांस, पेय आणि कापड यांच्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या किमती धुंडाळल्या आणि 1707 साली छापून सांगितलं की तेव्हाचे 5 पौंड म्हणजे आताचे 28 ते 30. तेव्हा खुशाल नियम पाळत असल्याची शपथ घे, पाप लागणार नाही. हिशेब चोख होता आणि उत्तर हवं तेच होतं. धर्मगुरू पुढच्याच वर्षी बिशप झाले.

तर आता पगारवाढ मागायला जाल तेव्हा हीच रीत ठेवा. खाणं, इंधन, घर, शिक्षण, औषधं जे जे महागलं ते टोपलीत घाला, स्वस्त झालेलं घरी ठेवा, आधारवर्ष जमेल तितकं मागे न्या आणि निघालेला आकडा टंकून साहेबांपुढे सरकवा. साहेब तो शांतपणे वाचतील, चष्मा काढतील आणि खणातून आपला कागद काढतील. त्यावरचा आकडाही बरोबरच असेल. अशा वेळी खिशाला मध्ये बोलू देऊ नका.